दार उघडं होतं, तरी बाबा उठले नाहीत

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, तुम्ही कुठे अडकून पडला असाल किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाला कुणी अडकवून ठेवलं असेल तर लिहा. वाटलं होतं आठ-दहा पत्रं येतील, ढीग आला. ज्यांना लगेच कळवायला हवं होतं त्यांना फोन करून झालेत, बाकीच्यांतली सहा इथे घेतेय. नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न : ताई, माझे वडील ७१ वर्षांचे, रिटायर्ड, आयुष्यभर हिशेबाचं काम केलेला माणूस. त्यांना फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, मग व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस, मग ती 'डिजिटल अरेस्ट'. दोन दिवस ते आतल्या खोलीत मोबाईलसमोर बसून होते आणि मी बाहेर किचनमध्ये, मला म्हणाले ऑफिसचं जुनं काम निघालंय, आत येऊ नकोस. खोलीला कडीसुद्धा नव्हती. एफडी मोडून पैसे पाठवले. आता भाऊ रोज ऐकवतो, दार उघडं होतं ना, उठून बाहेर यायला काय झालं होतं? बाबा काही बोलत नाहीत, जेवतात आणि भिंतीकडे बघत बसतात. खोटं कशाला बोलू, मलाही मनात तोच प्रश्न पडतो. (नाशिक)

उत्तर : आधी हे तुझ्या भावाला वाचायला दे. दाराला कडी नव्हती म्हणून बाबा मोकळे होते असं त्याला वाटतंय, पण त्या दोन दिवसांत बाबांना घट्ट बांधून ठेवलं होतं, फक्त दोरी दिसत नव्हती. ही माणसं पहिलं काम काय करतात तर माणसाला घरच्यांपासून तोडतात, कुणाला सांगितलंस तर मुलीलाही आत घेऊ, नातवाचं करिअर जाईल, असं. मग कॅमेरा बंद करायचा नाही, बाथरूमला जाताना पण विचारून जायचं, झोपू द्यायचं नाही. पस्तीस-चाळीस तास झोप नसलेला आणि एकाच माणसाचा आवाज ऐकत बसलेला कुणीही माणूस, हिशेबाचा असो नाहीतर वकील असो, तो आवाज सांगेल तेच खरं मानायला लागतो. आणि बाबा बाहेर आले नाहीत ते तुझ्यासाठी. तू किचनमध्ये होतीस, तुला यात ओढायचं नव्हतं त्यांना. आयुष्यभर कायद्याला मान देत आलेला माणूस यात सगळ्यात आधी सापडतो, हे मला फार लागतं.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हे स्पष्ट सांगितलं होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटक म्हणजे माणसाला प्रत्यक्ष ताब्यात घेणं, आणि राज्यघटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणे त्याला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. फोनवर अटक नाही, फोनवर जामीन नाही, आणि चौकशीसाठी पैसे 'तपासून परत देतो' म्हणून मागवणारा पोलीस तर अजिबातच नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून सोसायटीच्या बोर्डावर लावा.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन केलाय का ते तू लिहिलं नाहीस. केला नसेल तर आजच कर, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाक, बँकेला लेखी कळव. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या अकाउंटला जायच्या आत अडवता येतात, उशीर झाला की अवघड होतं, पण तक्रार तरीही करायचीच.

आता एक गोष्ट जी बाबांना हळूच सांगता आली तर बघ. त्यांच्यासमोर बसलेला तो माणूस, तोही कदाचित कोंडलेला असेल. म्यानमारच्या म्यावड्डी भागात, कंबोडियात अशा फसवणुकीचे मोठे मोठे कंपाउंड आहेत, तिथे आपली मुलं थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेली जातात, पासपोर्ट काढून घेतात, दिवसाला इतके लोक फसवलेच पाहिजेत असं टार्गेट देतात, नाही जमलं तर मारतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी म्यानमारच्या कंपाउंडांतून सुटलेल्या ५०० हून जास्त भारतीयांना परत आणलं. सगळेच फोन करणारे असे नसतात, यातून गब्बर झालेलेही भरपूर आहेत. पण त्या स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना कैदी असू शकतो हे कळल्यावर एका आजोबांना, असेच फसलेले होते ते, मी पहिल्यांदा रडताना बघितलं आणि त्यानंतर ते बोलायला लागले.

'का उठला नाहीत' हे घरात कुणी विचारायचं नाही. 'तो माणूस काय काय म्हणत होता हो बाबा?' असं विचार, आणि जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावाजवळ ऊसतोड टोळी उतरलीय. त्यातली एक मुलगी वर्गात येऊन बसते, चौथीतली असेल. ती म्हणाली बाबांना गावाकडं पैसे आणायला पाठवलंय आणि ते येईपर्यंत आईला आणि आम्हाला कोपी (झोपडी) सोडून कुठं जायचं नाही असं मुकादमानं सांगितलंय. आई आजारी आहे. गावात बोललो तर सगळे म्हणतात गुरुजी त्यांनी उचल घेतलीय, पैसे घेतले तर फेडायला नकोत का, तुम्ही कशाला पडता मधे. माझाही गोंधळ झालाय, हा व्यवहार आहे की गुन्हा? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : गुन्हा आहे गुरुजी, आणि तुम्ही मधे पडलंच पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम त्यांना उचल देतो, लग्नाला, दवाखान्याला, आधीच्या वर्षीच्या फिटल्या नाहीत त्या पैशांना. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडायची. हिशेब मुकादमाच्या वहीत, टन किती झाले तेही तोच सांगणार, आजारपणाचे खाडे कापणार तोच. हंगाम संपतो आणि वहीत पैसे निघतातच. मुकादमाच्या मानेवरही वाहतूकदाराचं आणि कारखान्याचं ओझं असतं, पळून गेलेल्या कोयत्यांची उचल त्याच्या अंगावर येते, हे मला माहीत आहे आणि तोही प्रश्न आहेच. पण म्हणून एका आजारी बाईला आणि लेकरांना धरून ठेवायचा हक्क त्याला मिळत नाही.

लोक म्हणतात ना पैसे घेतलेत तर, त्याला कायद्याचं उत्तर चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी मिळालंय. दिल्लीत १९८२ च्या एशियाडची स्टेडियमं बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि न्यायमूर्ती भगवतींनी निकालात सांगितलं की घटनेच्या २३ व्या कलमातली सक्ती म्हणजे फक्त काठी आणि बंदूक नव्हे, पोटाची सक्तीही सक्तीच. भूक आणि दुसरा मार्ग नसणं यामुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबत असेल तर ती वेठ. मला हा निकाल आपल्या देशातल्या सगळ्यात माणुसकीच्या निकालांपैकी एक वाटतो आणि शाळेत शिकवायला हवा असं वाटतं.

त्याआधीच १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आलेला होता. त्यात उचलीच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य, हिंडायचं स्वातंत्र्य किंवा किमान वेतन यातलं काहीही गेलं तर ती वेठबिगारी, आणि तसं ठरलं की ते कर्जच संपतं. फेडायचं राहत नाही. हे वेठीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर नाही, पैसे देणाऱ्यावर आहे. गावात हे सांगून बघा, लोक गप्प होतात.

आता करायचं काय. एकट्याने रात्री टोळीवर जाऊ नका आणि मुकादमाशी भांडू नका, त्यात त्या बाईला त्रास होईल, टोळी रातोरात हलवतील. मुलीने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख टाकून लिहून ठेवा. प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, अर्जात 'वेठबिगारी' हा शब्द लिहाच, 'मजुरीचा वाद' लिहिलंत तर फाइल दुसऱ्या टेबलावर जाते. जिल्ह्याला आणि उपविभागाला याची दक्षता समिती असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर कळवा, मुलं आहेत म्हणून चाइल्डलाइनच्या १०९८ ला पण. बाई फारच आजारी असेल तर थांबू नका, ११२. जबाब घेताना मुकादम शेजारी उभा नको आणि तिला मुक्ततेचा दाखला मिळाला पाहिजे, हे दोन मुद्दे पकडून ठेवा. तो दाखला असेल तर तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत मिळते, पुढचं पुनर्वसन पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २ लाख, फारच वाईट छळ असेल तर ३ लाख. ती पुढची पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी बांधलीय, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या हातात पडत नाही, आणि हे बदलायला हवं असं मी जिथे जाईन तिथे बोलते.

रिक्षा बंद झाल्या की पेपरात येतं 'प्रवासी वेठीला'. खरी वेठ तुमच्या शाळेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे गुरुजी. काय झालं ते मला कळवा, कुठेही अडलं तर फोन करा.

प्रश्न : बंदी, कैदी, ओलीस, नजरकैद यात नेमका फरक काय? मुलाला इतिहास शिकवताना मी अडखळले. (ठाणे)

उत्तर : बंदी कुणीही असू शकतो, लढाईत सापडलेला, पळवून नेलेला. कैदी म्हटलं की तुरुंग, शिक्षा, खटला डोळ्यापुढे येतो. नजरकैद म्हणजे घर तुमचं, माणसं तुमची, पण भोवती पहारा. १६६६ ला आग्र्यात महाराजांच्या डेऱ्याभोवती फुलादखानाचे पहारे बसले ती नजरकैद.

ओलीस मात्र वेगळं, आणि त्यासाठी मुलाला येसूबाईंची गोष्ट सांगा, संभाजीराजांच्या गोष्टीनंतर आपण तिला फारच भराभर पुढे ढकलतो. १६८९ च्या नोव्हेंबरमध्ये रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती गेले. त्याआधी राजारामांना गडाबाहेर काढून जिंजीकडे जाऊ द्यायचं हे ठरवण्यात त्यांचाच मोठा वाटा, म्हणजे दीर मोकळा राहिला पाहिजे, राज्य चाललं पाहिजे, मी इथे थांबते. मग वर्षानुवर्षं औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरणं. १७०७ ला बादशहा गेला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडलं, पण आईला सोडलं नाही. का? तर मुलगा दक्षिणेत जाऊन नीट वागावा म्हणून. ही ओलीस. ज्याला धरून ठेवलंय त्याच्याकडून काही नको असतं, त्याच्या माणसाकडून हवं असतं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले तेव्हा येसूबाई परत आल्या. तीस वर्षांच्या आसपास. सनदा आल्या हे आपण शिकतो, त्याच काफिल्यात एक बाई तीस वर्षांनी घरी येत होती आणि सात वर्षांचा असताना बरोबर नेलेला मुलगा आता छत्रपती म्हणून तिच्यासमोर उभा राहणार होता, हे कुणीतरी मुलांना सांगायला हवं.

वरच्या गुरुजींच्या पत्रातली ती बाई, नवऱ्याला पैसे आणायला पाठवून जिला ठेवून घेतलंय, तीही ओलीसच.

प्रश्न : माझी मैत्रीण नवऱ्याचा मार खाऊन तीनदा माहेरी आली आणि तीनदा परत गेली. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या म्हणतात तिला स्टॉकहोम सिंड्रोम झालाय, तिला आवडतं तिथे राहायला, आता तिचा विषय सोडा. (पुणे)

उत्तर : सोडू नका. ते नाव कुठून आलं ते एकदा बघा. ऑगस्ट १९७३, स्टॉकहोममधली एक बँक, एका दरोडेखोराने चार कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं, सहा दिवस ते तिजोरीच्या खोलीत. बाहेर आल्यावर ते पोलिसांवरच चिडलेले होते, मग पोलिसांना सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ होते निल्स बेयरोट, त्यांनी याला, म्हणजे ओलिसाने धरून ठेवणाऱ्याचीच बाजू घेण्याला, आजारासारखं नाव दिलं. त्या ओलिसांपैकी क्रिस्टिन एन्मार्क नावाच्या तरुणीने आतून थेट पंतप्रधान पाल्मेंशी फोनवर बोलून सांगितलं होतं की आम्हाला यांच्याबरोबर जाऊ द्या, पोलीस आत घुसले तर आम्ही मरू. तिचा हिशेब चुकीचा होता असं कुणी म्हणावं? जो माणूस आत्ता बंदूक धरून समोर आहे त्याला शांत ठेवणं हाच जगायचा मार्ग होता. मानसिक आजारांच्या त्या अमेरिकन यादीत, डीएसएममध्ये, हा सिंड्रोम नाहीच.

तुमच्या मैत्रिणीचा हिशेब विचारा. मुलांची शाळा कुठे, पगार कुणाच्या अकाउंटला, माहेरी वहिनी चौथ्या दिवशी काय बोलली, कागदपत्रं कुणाच्या कपाटात. ती परत का जाते याचं उत्तर बहुतेक त्या कपाटात मिळेल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पैसे अडवून ठेवणं हासुद्धा छळ आहे, आणि राहत्या घरात राहायचा हक्क तिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. महिला हेल्पलाइनला १८१ वर फोन, नाहीतर तालुक्याचे संरक्षण अधिकारी. आणि तुमच्यापैकी एकीने तिच्या कागदांच्या झेरॉक्स आणि कपड्यांची एक बॅग आपल्या घरी ठेवून घ्या, चौथ्या वेळेसाठी.

प्रश्न : भाचा सौदीत ड्रायव्हर आहे, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलाय, म्हणतो दोन वर्षं झाल्याशिवाय देणार नाही. (रत्नागिरी)

उत्तर : पासपोर्ट मालकाचा नाही, तुमच्या भाच्याचाही नाही, १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता असतो. सौदीतही मालकाने तो ठेवून घेणं नियमाविरुद्ध आहे. भाच्याकडे पासपोर्टचा आणि कराराचा फोटो असेल तर मागवून घ्या, परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार तुम्ही इथूनही टाकू शकता, त्याने रियाधच्या दूतावासाला किंवा जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाला कळवावं. काम सोडून पळून जाऊ नको म्हणावं, नाहीतर उलट त्याच्यावरच 'पळाला' अशी नोंद करतात आणि मग फार अवघड होतं.

प्रश्न : ताई मी ५४ वर्षांची, लग्न केलं नाही, आई ८२. तिला डिमेन्शिया होऊन पाच वर्षं झाली, मी नोकरी सोडली, रात्रीची सलग झोप शेवटची कधी झाली आठवत नाही. दूध आणायला गेले तरी बाहेरून कुलूप लावते कारण दोनदा ती रस्त्यावर सापडली. परवा परत आले तर आई आतून दार बडवत होती, मला सोडा, मला घरी जायचंय. समोरच्या बाई म्हणाल्या, कोंडून ठेवता का हो आईला? त्या रात्री मी खूप रडले. दोन भाऊ आहेत, एक ठाण्याला एक बंगळूरला, दोघेही म्हणतात तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त. मला कैदेत असल्यासारखं वाटतं असं लिहायलाही लाज वाटते. कैदेत मी आहे की तिला मी ठेवलंय तेच कळत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : हे पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. लाज वाटायचं काही नाही ताई, कैद हाच शब्द बरोबर आहे, फक्त तुम्हाला आईने कोंडलेलं नाही. 'तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त' हे ते कुलूप आहे आणि ते दोन माणसांनी बाहेरून लावलंय.

आधी दाराचं. आई एकटी आत आणि कुलूप बाहेर हे आजपासून बंद करा, तुमची चूक म्हणून नव्हे, गॅस पेटला, शॉर्ट सर्किट झालं, ती पडली तर तिला बाहेर यायला आणि कुणाला आत जायला रस्ता नाही म्हणून. दूध-भाजी घरपोच मागवा. बाहेर जावंच लागलं तर त्या समोरच्या बाईंनाच सांगा, तुम्ही विचारलंत ना, आता दहा मिनिटं येऊन बसा. रागाने नाही, खरंच सांगा, बहुतेक माणसं बसतात. तुम्ही घरात असताना कडी खूप वर किंवा अगदी खाली लावा, तिथे तिची नजर जात नाही, दाराला भिंतीच्या रंगाचा पडदा, वर एक घंटी. हातात तुमचा नंबर लिहिलेलं कडं. गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवायची सवय. कोपऱ्यावरचा दुकानदार आणि रिक्षावाले यांना तिचा फोटो दाखवून ठेवा.

'मला घरी जायचंय' हे डिमेन्शियाचे खूप पेशंट स्वतःच्या घरात बसून म्हणतात, जास्त करून संध्याकाळी. हेच तुझं घर आहे असं पटवायला जाऊ नका, तिला अजून भीती वाटते. घरी कोण कोण आहे गं, अंगणात काय लावलंय, असं विचारा, हात धरून गॅलरीत दोन फेऱ्या मारा, पुष्कळदा तेवढ्याने सुटतं. तुमच्या ओळखीचं ते घर नसेलही, तिच्या लहानपणचं असेल.

स्वतःसाठी, मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन टेली मानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही चालतो. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७.

आणि भाऊ. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आईची जबाबदारी सगळ्या मुलांवर टाकतो, जवळ राहणाऱ्या एकीवर नाही. पण नोटिशीच्या आधी एक मेसेज करा, दोघांना एकत्र, विनंती न करता तारखा घालून. ठाण्याचा दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार, बंगळूरचा वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस, आणि दिवसभराच्या मदतनीस बाईंचा पगार दोघांनी अर्धा-अर्धा. जमणार नाही असं कुणी म्हटलं तर त्याने लेखी तसं लिहावं.

पहिल्यांदा भाऊ येईल तेव्हा त्याला शिकवत घरात बसू नका, तसं केलंत की संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा तुम्हीच करत असाल. गोळ्यांच्या वेळा, ती काय खाते, घाबरली की कुठलं गाणं लावायचं, हे एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. घराची किल्ली त्याच्या हातात द्या आणि संध्याकाळपर्यंत परत मागू नका.